केसरीनाथच्या हाताचा अपुरा गोल

मी एक जुना ड्रम आहे. ढोल नव्हे, ताशा नव्हे आणि हलगी तर मुळीच नव्हे. मला बघून लोक हमखास चुकतात, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. बँडवाले मला साइड ड्रम म्हणतात. पितळेची गोल कोठी, वर बकऱ्याचं कातडं, खालीही कातडं आणि खालच्या कातड्याला लागून ताणलेल्या बारीक तारा, असा माझा देह आहे. वर काठी पडली की खाली तारा थरथरतात आणि माझ्यातून 'सर्र' असा आवाज निघतो. माझ्या कुशीला एक छोटा खटका आहे. तो वर केला की तारा कातड्याला भिडतात, खाली पाडला की सुटतात. मित्रांनो, हा खटका तेवढा लक्षात ठेवा. त्याच्यापायी एका घराची झोप उडाली होती आणि मला खाडीत बुडवायला निघाले होते.

माझा जन्म मुंबईत एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने जन्मभर हंडे आणि कळश्या घडवल्या होत्या. आंतोन मास्टर नावाच्या गोव्याच्या बँडमास्टरने त्याला बिनबुडाची कोठी करायला सांगितली, तेव्हा तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "बूड नको? मग पाणी राहणार कशात?" तेव्हा नात्याने मी हंड्याचा भाऊ लागतो. पुढे म्हातारपणी मला हंड्यांच्याच शेजारी बसायचं होतं, हे तेव्हा कुणाला माहीत होतं!

आंतोन मास्टरचा बँड जाझ वाजवायचा. जाझ म्हणजे काय, तर ठरलेल्या गाण्याला मध्येच हात धरून आडवाटेने फिरायला न्यायचं आणि वेळेवर घरी आणून सोडायचं. फिरायला नेणारे बाकीचे. वेळेवर घरी आणणारा ड्रमवाला.

घोड्यांच्या तबेल्यामागच्या एका हॉलमध्ये बँडची तालीम चाले. त्या तबेल्यात पेंढा घेऊन एक ट्रक यायचा, कोन गावाहून. कोन म्हणजे कल्याण-भिवंडी रस्त्यावरचं गाव. भातकापणी झाली की तिकडचा पेंढा मुंबईला जायचा. ट्रकबरोबर येणारा केसरीनाथ नावाचा तरणा शेतकरी पेंढा उतरवून झाला की हॉलच्या खिडकीशी उभा राहायचा आणि ट्रकच्या बॉनेटवर बोटांनी आमच्या बरोबरीने वाजवायचा. एकदा आमचा ड्रमवाला बोटीवरची नोकरी धरून निघून गेला. त्या दिवशी आंतोन मास्टर खिडकीतून ओरडले, "ए पेंढा, आत ये." तेव्हापासून बँडमध्ये त्याचं नाव पेंढाच पडलं.

तो माझ्यासमोर बसला, त्या दिवसापासून मी त्याचा झालो.

काठ्यांनी तो सुरेख वाजवायचा, पण त्याची खरी करामत ब्रशात होती. ब्रश म्हणजे तारांचा छोटा झाडू. हळू गाणं असलं की ड्रमवाला काठ्या ठेवतो आणि ब्रश माझ्या कातड्यावर गोल गोल फिरवतो. चाळणीतून पीठ पडावं तसा आवाज येतो. केसरीनाथचं डावं मनगट लहानपणी ताडावरून पडून मोडलं होतं. गावच्या हाडवैद्याने ते बांधलं, पण थोडं वाकडंच बसलं. त्यामुळे त्याचा गोल कधी पुरा होत नसे. डाव्या अंगाला, शेवटच्या वळणाआधी, ब्रश कातड्यावरून क्षणभर उचलला जाई. आवाज यायचा 'सर्र', मग एक फट, मग पुन्हा 'सर्र'.

आंतोन मास्टर चिडायचे. "पेंढा, तुझ्या गोलाला भोक आहे!"

तेव्हा टेमघरचा हिरामण, आमचा सॅक्सोफोनवाला, मध्ये पडला. तो म्हणाला, "मास्टर, ऱ्हाऊ द्या ना. त्या भोकात मी श्वास घेतो."

मास्टरांनी पुन्हा कधी तक्रार केली नाही. समुद्राकाठच्या एका हॉटेलात आम्ही वर्षानुवर्षं वाजवलं. पांढरे कोट, काळे बो, आणि मला रोज लिंबू-राखेने घासून लखलखीत केलेलं असे. नाचणारी माणसं नाच थांबवून केसरीनाथच्या हाताकडे बघत राहायची. दुसऱ्या हॉटेलांतले ड्रमवाले मुद्दाम येऊन पहिल्या रांगेत बसायचे आणि घरी जाऊन तो अपुरा गोल काढून बघायचे. कुणालाच जमला नाही. त्यासाठी ताडावरून पडावं लागतं, असं हिरामण म्हणायचा.

वाजवून झालं की केसरीनाथ न चुकता एक काम करी. माझा खटका खाली पाडी, बोटाने दोनदा टकटक करी आणि म्हणे, "नीज आता." हे करावंच लागतं. कारण मी मुळात आगाऊ आहे. खटका वर असला की कुणीही काहीही बोललं तरी माझ्या तारा थरथरतात आणि मी मध्ये बोलतो. बाजूला सॅक्सोफोन वाजला, ट्रक गेला, कुणी शिंकलं, तरी मी 'सर्र' करणारच. प्रत्येक आवाजाला नाही, काही ठरावीक पट्टीच्या आवाजांनाच. त्यात माझी काही इच्छा नसते. तार हलते, म्हणून मी बोलतो.

पुढे हॉटेलवाल्यांना माणसांचा बँड नको झाला. आंतोन मास्टर वारले. गाण्यांच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत आमचं काही काळ बरं चाललं, मग तिथेही एक डबा आला. बटण दाबलं की तो ड्रमसारखा वाजायचा. तो थकत नसे, चहा मागत नसे आणि त्याच्या गोलाला भोक नसे. केसरीनाथ मला कापडात गुंडाळून कोनला घेऊन आला.

गावात आम्ही हळदींत वाजवलं. बेंजो पार्टीच्या वाजंत्र्यांत मला कमरेला बांधून बडवत. आवाज इतका की माझं पितळ दुखायचं. क्वचित केसरीनाथला राहवत नसे. तो मध्येच एखादं जाझचं वळण टाकायचा आणि नाचणाऱ्या बायकांची पावलं चुकायची. मग कुणीतरी ओरडे, "ओ केसरीनाथ, सरळ वाजव ना रं!" तो हसायचा आणि सरळ वाजवायचा. मला मात्र अपमान वाटायचा. अजून वाटतो.

त्याची बायको कौसल्या. ती त्या हॉटेलात कधी गेली नाही, तेव्हा तिने त्याचं जाझ ऐकलंच नाही, असं सगळ्यांना वाटे. पण ती रोज ऐकत होती. दुपारी ती ओटीवर पीठ चाळायला बसे आणि हा शेजारी बसून ब्रश फिरवे. एकदा तिने विचारलं, "अवं, हात तिथं आडकतो का तुमचा?"

तो म्हणाला, "आडकत न्हाय गो. तिथं तू श्वास घे."

त्यानंतर तिची चाळणीही त्या फटीत क्षणभर थांबू लागली. हे मी पाहिलं आहे. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही.

मग दोन हजार सालानंतरची वर्षं आली. घरामागच्या शेतात मुलाने, देवेशने, शेड बांधून लूमवाल्यांना, म्हणजे कापडाचे यंत्रमाग चालवणाऱ्यांना, भाड्याने दिली. दिवसभर यंत्रांची खटखट चाले. भिंती हलत. कापसाची बारीक रुई उडून सगळ्या घरावर बसे, ताटांवर, देवांवर आणि माझ्यावरही. केसरीनाथला आता ऐकू कमी येत होतं आणि जे येत होतं ते लूमच होतं. पण दुपारी लोडशेडिंग असे. वीज गेली की लूम एकेक करत थांबत आणि सगळ्या गावावर शांतता पडे. वीज गेली म्हणून खूश होणारा भिवंडी तालुक्यात तो एकटाच असेल. "लाइट गेली रं!" असं म्हणत तो मला पुढे ओढी, खटका वर करी आणि ब्रश घेऊन बसे. हिरामण कधी टेमघरहून सायकलवर येई, त्याचा सॅक्सोफोन घेऊन. दोन म्हातारे, मी आणि ती शांत दुपार. हॉटेलापेक्षा ते दिवस मला जास्त आवडले.

दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी वीज गेली. केसरीनाथने खटका वर केला. ब्रश फिरला. सर्र, फट, सर्र, फट. मग एक फट लांबली. मी वाट पाहत होतो. ब्रश पुन्हा खाली आलाच नाही. तो माझ्यावर वाकला आणि त्याचं कपाळ माझ्या कातड्याला टेकलं. थोड्या वेळाने वीज आली आणि लूम सुरू झाले.

तिरडीवर त्याच्या हाताशी कौसल्येने दोन्ही ब्रश ठेवले. दुसऱ्या दिवशी राख सावडताना देवेशने ब्रशांच्या तारा शोधल्या. लोखंडाच्या तारा जळून जात नाहीत, तरी एकही सापडली नाही. मला हंड्यांच्या शेजारी, फळीवर ठेवण्यात आलं. त्या गडबडीत माझा खटका वरच राहिला. नीज म्हणणारा कुणी उरला नव्हता.

इथून पुढे जे झालं त्यात माझा काही दोष नाही, हे तुम्हाला कळेलच.

एका दुपारी, लूम थांबलेले असताना, कौसल्या फळीशी आली आणि सवयीने म्हणाली, "अवं, जेवू का मी?" तिचा आवाज नेमका माझ्या तारांच्या पट्टीत होता. मी बोललो, 'सर्र'.

ती जागच्या जागी उभी राहिली. चेहरा असा उजळला की मला पितळ असल्याची लाज वाटली. ती पुन्हा म्हणाली, "अवं?" आणि मी पुन्हा बोललो. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मग रोजचं झालं. आधी माझ्यापुढे ताट, मग तो प्रश्न. मी बोललो की ती जेवायची. बोललो नाही, तर ताट तसंच उचलून न्यायची. आता यातली भयंकर गोष्ट बघा. उपासाने माणसाचा आवाज खोल जातो. आवाज खोल गेला की तो माझ्या पट्टीतून सुटतो. तो सुटला की मी गप्प. मी गप्प, की ती उपाशी. मी फळीवर बसून तिला वाळताना बघत होतो आणि एक 'सर्र' माझ्या हातात नव्हता, कारण मला हातच नाहीत.

दिपाली, देवेशची बायको, बाळंतपणाला काल्हेरला माहेरी गेली होती. ती मुलगी घेऊन परत आली. घरात पाऊल टाकलं आणि मुलगी रडली. मी 'सर्र' केलं. मुलगी गप्प झाली. मी गप्प झालो. मुलगी पुन्हा रडली, मी पुन्हा बोललो. दिपाली पांढरी पडली.

"देवेश, यो ड्रम माझ्या पोरीला साद घालतो," ती म्हणाली. "आताच्या आता भायेर काढा त्याला!"

ती जोरात ओरडली होती. मी साहजिकच उत्तर दिलं. मग तर तिने मुलीला पोटाशी धरलं आणि बाहेरच पळाली.

देवेशने नामा भगताला बोलावलं. नामा भगताने माझ्याभोवती लिंबं मांडली, नारळ ठेवला आणि खड्या आवाजात विचारलं, "कोन हायस तू? बोल!" मी बोललो. भगत दचकून मागे सरला आणि त्याचाच पाय लिंबावर पडला. मला हसता आलं असतं तर हसलो असतो, पण त्याच्या मागे कौसल्या उभी होती. तिच्या हातात ताट होतं आणि मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

भगताने सांगितलं, म्हाताऱ्याचा जीव यात अडकला आहे. पोरीचं बारसं व्हायच्या आत ड्रम खाडीत सोडा.

"त्यांना खाडीत सोडाल?" कौसल्या म्हणाली. "मंग मनापन सोडा त्यांच्यासंगती."

बारशाच्या सकाळी देवेशने मला फळीवरून उतरवलं. कौसल्येने मला दोन्ही हातांनी धरलं. मायलेकांची ओढाताण चालली होती, दिपाली मुलीला घेऊन दारात रडत होती, मी सगळ्यांनाच उत्तर देत होतो, आणि तेवढ्यात अंगणात सायकल थांबली. बारशाचं बोलावणं म्हणून हिरामण आला होता.

"जय भीम, वहिनी," तो म्हणाला आणि मी 'सर्र' केलं. हिरामणने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तो जवळ आला, त्याने माझ्या कुशीवरून हात फिरवला आणि त्याचा चेहरा एकदम उतरला.

"अरे देवेश," तो म्हणाला, "याचा खटका कुणी पाडलाच न्हाय? तवापासून?"

त्याने खटका खाली पाडला. तारा सुटल्या. मग त्याने देवेशला बोलायला लावलं, टाळ्या वाजवायला लावल्या, दिपालीला हाक मारायला लावली. मी मुका. मुलगी रडली. मी मुका. देवेश हसायलाच लागला, दिपाली डोळे पुसत हसली. एवढ्याशा खटक्याने आपण किती घाबरलो, असं दोघं एकमेकांना सांगू लागली.

कौसल्या माझ्यासमोर बसली. "अवं," ती म्हणाली. मी मुका. "अवं, जेवू का मी?" मी मुका.

तिने हिरामणकडे पाहिलं. "तुमी त्यांना गप केलंत, भावजी."

हिरामण खाली बसला. "वहिनी, तो गेला तवा खटका पाडाला त्याला टाइम न्हाय भेटला. त्याचं ऱ्हायलेलं काम मी केलं. आता झोपू दे त्याला."

बारसं झालं. मुलीचं नाव मनाली ठेवलं. मी खाडीतून वाचलो आणि फळीवर न जाता केसरीनाथच्या बसायच्या स्टुलापुढे खालीच राहिलो. सगळ्यांना वाटलं, आता सगळं ठीक झालं. पण त्या दिवशी कौसल्या जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आता विचारायलाही कुणी उरलं नव्हतं. देवेशने डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाले, यांची जगायचीच इच्छा दिसत नाही, दवाखान्यात हलवा. देवेश गाडी ठरवायला बाहेर पडला.

ती दुपार मी विसरणार नाही. वीज गेली. लूम एकेक करत थांबले. कौसल्या चटईवर पडली होती. पाळण्यात मनाली कुरकुरत होती. माझ्या कातड्यावर सकाळपासूनची रुई पांढरी शुभ्र बसली होती. वारा नव्हता. केसरीनाथचं स्टूल भिंतीशी होतं, ते किंचित करकरलं.

मनालीची कुरकुर थांबली. तिने मान वळवली आणि माझ्या बाजूला बघू लागली. माझ्याकडे नाही, माझ्या जरा वर, जिथे बसलेल्या माणसाचा चेहरा असतो तिथे.

मित्रांनो, मी पितळ आणि कातडं आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण माझ्या कातड्यावर काहीतरी गार टेकलं आणि फिरू लागलं. गोल, मग फट. गोल, मग फट. तो हात मला ठाऊक होता. मला ओरडून सांगायचं होतं. पण माझा खटका पडलेला होता. इतके दिवस काहीच नसताना मी बडबडत होतो आणि खरंच कुणी आलं तेव्हा मी मुका होतो. फक्त कातड्यावरची ती चाळल्यासारखी कुजबुज होत होती.

कौसल्येने डोळे उघडले. "दिपाली," ती खोल आवाजात म्हणाली, "पीठ चाळतंस का गो?"

"न्हाय वो आई, मी भांडी घासतंय," आतून उत्तर आलं.

कौसल्या भिंतीला धरून उठली आणि माझ्याजवळ आली. माझ्या रुईत एक गोल उमटला होता. तारांचे बारीक ओरखडे, एकात एक. डाव्या अंगाला शेवटच्या वळणाआधी रुई तशीच होती, कुणी न शिवलेली. तिने त्या फटीवर बोट ठेवलं नाही, जवळ नेऊन थांबवलं. मग तिने श्वास घेतला, खोल, अगदी तेवढ्या फटीत मावेल एवढाच.

ती काहीच विचारत नव्हती. पाळण्यात मनाली पाय नाचवत होती.

"दिपाली," कौसल्या म्हणाली, "मना जेवाला वाढ."

देवेश गाडी घेऊन आला तेव्हा ती भात कालवत होती. तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर नामा भगत पुन्हा लिंबं घेऊन आला असता. रोज सकाळी ती मला ओल्या फडक्याने पुसते. दुपारपर्यंत लूम चालतात आणि माझ्यावर रुई बसते. मग वीज जाते. मग ती माझ्यावरच्या रुईकडे एकदा बघते आणि जेवायला बसते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य असेल, तर वाजवून उठताना त्याला तसंच टाकून जाऊ नका. त्याच्या तारा सैल करा, त्याला पुसा, दोन बोटांनी थोपटून नीज म्हणा. आमच्यासारख्या आगाऊंना कुणीतरी झोपवावं लागतं. आणि कधी कोनला आमच्या घरी आलात, तर मला खुशाल हात लावा, खटकाही वर करून बघा. फक्त दुपारी वीज गेलेली असली, तर माझ्यावरची रुई पुसू नका. ते काम घरात दोघांचंच आहे, सकाळी तिचं आणि दुपारी त्याचं.